फावड्याचा प्रवास : व्हर्दूनपासून बीडपर्यंत

युरोपातील विद्यार्थ्याचा उन्हाळा जूनमध्ये सुरू होतो. परीक्षा आटोपलेली असते, दिवस लांबलेला असतो, आणि पाठीवर पिशवी टाकून कुठल्यातरी परक्या देशातील गावात पाच-सहा आठवडे सेवा करून यावे, असा बेत अनेकांच्या मनात शिजत असतो. बीड जिल्ह्याचा उन्हाळा त्याच सुमारास संपत आलेला असतो. होळीनंतर विहिरी तळ गाठू लागतात, बालाघाटाच्या माथ्यावरील पाझर तलाव कोरडे पडतात, टँकरच्या वाटेवर घागरींच्या रांगा लागतात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे पाडव्याच्या मागेपुढे गावी परततात आणि मृगाच्या आशेवर नांगरटी उरकून घेतात. सेवेला निघालेल्या पाहुण्याचा उन्हाळा आणि यजमानाचा उन्हाळा हे असे दोन निरनिराळे ऋतू आहेत. ते एकमेकांना क्वचितच भेटतात. परंतु जेथे भेटले तेथे काय उगवले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे, आणि त्याचे एक टोक बीड जिल्ह्यातील एका माळरानावर येऊन टेकले आहे.

अलीकडे आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुलीही परदेशी सेवाशिबिरांची माहितीपत्रके घेऊन घरी येतात. आईवडिलांना अभिमान वाटतो, थोडी धास्ती वाटते आणि खर्चाचा आकडा पाहून प्रश्नही पडतो की, इतक्या दूर जाऊन पोराने नेमके करायचे काय? हा प्रश्न रास्त आहे. तो शंभर वर्षांपूर्वी प्रथम ज्याने स्वतःला विचारला, त्याच्यापासूनच आरंभ करू.

पिएर सेरेझोल हा स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी १८७९ साली जन्मलेला गणिती व अभियंता. वडील पॉल सेरेझोल हे १८७३ मध्ये स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. घराणे असे, शिक्षण असे, पुढे अध्यापकपद सहज मिळाले असते. पण हा तरुण अमेरिका, हवाई, जपान असा भटकत, अंगमेहनतीची कामेही करत राहिला. वारशाने मिळालेला पैसा त्याने देशाच्या सरकारला देऊन टाकला. पहिले महायुद्ध चालू असताना १९१७ मध्ये लष्करासाठीचा कर भरण्यास नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगात गेला. युद्ध नको असे म्हणणारे त्या काळी थोडेथोडके नव्हते. सेरेझोलची अडचण वेगळी होती. सैनिक निदान चिखलात उभा राहून काहीतरी सोसतो, आणि शांततावादी मात्र दिवाणखान्यात बसून ठराव मंजूर करतो, हे त्याला बोचत असे. शांततेलाही एखादी कवायत हवी, घाम हवा, शिस्त हवी, असे त्याने ठरवले.

संधी चालून आली. युद्धानंतर हॉलंडमध्ये बिल्टहोव्हन येथे निरनिराळ्या देशांतील ख्रिस्ती शांततावाद्यांच्या बैठका झाल्या. १९२० च्या बैठकीत एका जर्मन प्रतिनिधीने सांगितले की, आपला भाऊ सैनिक म्हणून उत्तर फ्रान्सच्या विध्वंसात सामील होता. ते जे मोडले ते आपल्या हातांनी उभारून द्यावे अशी आपली इच्छा आहे. सेरेझोलने तो शब्द उचलला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हर्दूनच्या रणभूमीजवळील एस्न या उद्ध्वस्त गावी दहाएक जणांचे एक पथक दाखल झाले. त्यात स्विस होते, इंग्रज होते आणि जर्मनही होते. त्यांनी तात्पुरत्या झोपड्या उभारल्या, तोफगोळ्यांनी पडलेले खड्डे बुजवले, रस्ते मोकळे केले, शेते लागवडीखाली आणली. पगार नाही, फक्त राहणे आणि जेवण.

गावकऱ्यांचे मन हळूहळू वळत होते. अधिकाऱ्यांचे वळले नाही. जर्मनांना येथून काढा, मग बाकीच्यांनी राहावे, असा निरोप आला. पथकाने उत्तर दिले की, जायचे तर सारे जातील. १९२१ च्या वसंतात ते सगळे निघून गेले. आधुनिक जगातील पहिले आंतरराष्ट्रीय सेवाशिबिर असे अर्ध्यावर मोडले. यशाच्या कथा सांगणाऱ्यांना हा आरंभ गैरसोयीचा वाटेल. मला मात्र त्यातच या चळवळीचे बीज दिसते. काम पूर्ण करण्यासाठी सोबत्याला टाकून देण्याची त्यांची तयारी नव्हती.

पुढे १९२४ पासून स्वित्झर्लंडमध्ये हिमप्रपात व पूर यांनी गाडलेल्या गावांत अशी शिबिरे भरू लागली. ऱ्हाइन नदीचा बांध फुटून १९२७ मध्ये लिश्टेनस्टाइन या चिमुकल्या देशाची शेते दगडगोट्यांखाली गेली, तेव्हा पुढच्या वर्षी निरनिराळ्या देशांतील सातशेहून अधिक स्वयंसेवक तेथे फावडे घेऊन राबले. यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना आकाराला आली. तिची काही पथ्ये होती आणि ती आजही मुळातून वाचावीत अशी आहेत. बोलावल्याशिवाय जायचे नाही. स्थानिक मजुराच्या तोंडचा घास जाईल असे काम हाती घ्यायचे नाही. ज्यांच्यासाठी राबायचे त्यांच्यासारखेच साधे खायचे-राहायचे. आपला धर्म वा पक्ष कोणाच्या गळ्यात बांधायचा नाही. घोषवाक्यही तसेच : शब्द नकोत, कृती हवी.

या मंडळींचा आणि हिंदुस्थानचा संबंध आला तो गांधीजींमुळे. गोलमेज परिषदेहून परतताना डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी रोमां रोलां यांच्या भेटीसाठी स्वित्झर्लंडला थांबले. लोझान व जिनिव्हा येथे त्यांच्या सभा झाल्या, आणि त्यांचे स्वागत करणाऱ्यांत सेरेझोल पुढे होता. दोनच वर्षांनी, १५ जानेवारी १९३४ रोजी, बिहार भूकंपाने हादरला. जमिनीची पातळी बदलल्यामुळे कित्येक गावे दर पावसाळ्यात पाण्याखाली जाऊ लागली. सेरेझोल पंचावन्न वर्षांचा झाला होता. तो बोटीने निघाला, राजेंद्रप्रसादांना भेटला, पूरग्रस्त मुलूख पायी पाहिला आणि माणसे आणायला परत युरोपला गेला. माणसे मिळाली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. त्यांत इंग्रजही होते. मुझफ्फरपूर भागात उंचवट्यावर नवी वस्ती उभारण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. त्या वस्तीला नाव मिळाले ‘शांतिपूर’. सेरेझोल १९३७ पर्यंत तीनदा हिंदुस्थानात येऊन गेला.

या कामाचे माप झोपड्यांच्या संख्येवरून काढू नये. ज्या काळात गोरा माणूस म्हणजे साहेब, आणि साहेब म्हणजे घोड्यावर बसलेला अंमलदार, त्या काळात गोरी माणसे बिहारी शेतमजुरांच्या रांगेत उभी राहून डोक्यावर मातीच्या पाट्या वाहत होती, आणि तेही राजेंद्रप्रसादांसारख्या तुरुंगवास भोगून आलेल्या नेत्याच्या साथीने. साम्राज्याच्या छायेत ही गोष्ट लहान नव्हती. माती उचलणे हे आपल्याकडे कोणाचे काम आणि कोणाचे नव्हे, हे जन्माने ठरून गेलेले होते. तो हिशेबही त्या पाट्यांनी काही काळ चुकवला.

आता महाराष्ट्राकडे वळू. स्वातंत्र्यानंतर ही संघटना पुन्हा भारतात आली. १९५० पासून राल्फ आणि इडी हेग्नाउअर या स्विस दांपत्याने दिल्लीजवळ फरीदाबादला निर्वासितांच्या वसाहतीत काम केले. याच सुमारास, १९५१ च्या जूनमध्ये, वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात मुरलीधर देविदास आमटे या वकिलाने आनंदवनाचा पाया घातला होता. सोबत पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. उद्घाटन विनोबांनी केले. पाण्यासाठी विहीर खणायची तर ज्यांच्या हातांची बोटे झडली आहेत त्यांनीच खणायची, असा तो प्रकार होता.

बाहेरच्या जगाने आनंदवनाकडे पाठ फिरवली होती. कुष्ठरोग हा पापाचा दंड आहे आणि स्पर्शाने तो लागतो, ही समजूत घट्ट होती. रोग्यांनी पिकवलेला भाजीपाला बाजारात कोणी घेईना. आपल्या वाचकांना मोलोकाई बेटावरील फादर दामियन आठवतील. तेथे तर सरकारनेच समुद्राची भिंत घातली होती. वरोऱ्याला ती भिंत माणसांच्या मनात होती, म्हणून अधिक उंच होती. या अवस्थेत, आनंदवनाच्या अगदी आरंभीच्या वर्षांत, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे सुमारे पन्नास तरुण-तरुणी तेथे येऊन दाखल झाले. ते अनेक देशांतून आलेले होते. तीन महिने ते कुष्ठरुग्णांच्या सोबत राहिले, त्यांनीच पिकवलेले अन्न जेवले, त्यांच्याबरोबर विटा वाहिल्या आणि दवाखान्याच्या इमारती बांधल्या.

हे दृश्य पाहायला वरोऱ्याचे लोक येऊ लागले. आधी कुंपणाबाहेरून, मग आतून. दूरदेशीची शिकलेली पोरे रोग्यांच्या पंगतीला बसतात आणि त्यांना काही होत नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावर भीतीची पकड ढिली झाली. पुढे आनंदवनाचा भाजीपाला बाजारात जाऊ लागला. आणि १९६४ साली तर आनंदवनाच्याच भूमीवर महाविद्यालय निघाले, ज्यात शिकायला निरोगी घरांतील मुले कुष्ठरुग्णांच्या दारात आली.

येथे थोडे थांबून एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. साधनाताई आणि बाबा त्याच पंगतीला पहिल्या दिवसापासून बसत होते. वरोऱ्याला ते दिसत नव्हते काय? दिसत होते, पण आपल्यातल्याच माणसाचा त्याग आपल्याला वेडेपणा वाटतो आणि परक्याचा तोच त्याग पुरावा ठरतो. संदेष्ट्याला स्वतःच्या गावी मान नसतो, हे आपण शुभवर्तमानात वाचतो आणि पुढल्या ओळीवर जातो. विदेशी स्वयंसेवकाला भारतात जे महत्त्व मिळाले त्यात आपल्या या खोडीचा वाटा मोठा आहे. म्हणूनच त्या पन्नास जणांचे खरे मोठेपण मला पुढच्या गोष्टीत वाटते : तीन महिने झाले, इमारती उभ्या राहिल्या आणि ते निघून गेले. आनंदवन आनंदवनवाल्यांचेच राहिले.

साऱ्याच परदेशी सेवकांच्या बाबतीत असे झाले नाही, आणि सारेच तरुणही नव्हते. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ या सरकारी योजनेचे पहिले स्वयंसेवक १९६१ च्या अखेरीस भारतात आले. १९७६ पर्यंत ती योजना येथे चालली. तिच्यामागे शीतयुद्धाचे राजकारण होते हे उघड आहे. तरीही तिच्यातून आलेल्या एका बाईंचे नाव महाराष्ट्राने लक्षात ठेवण्याजोगे आहे. जॉर्जिया राज्यातील लिलियन कार्टर या परिचारिका १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मुंबईच्या विक्रोळीला येऊन राहिल्या. येण्याआधी त्या मराठी शिकल्या. कारखान्यातील कामगारांच्या कुटुंबांसाठी असलेल्या दवाखान्यात त्यांनी सुमारे पावणेदोन वर्षे काम केले. पुढे १९७७ मध्ये त्यांचा मुलगा जिमी कार्टर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा विक्रोळीच्या चाळींत त्याची ओळख ‘आपल्या बाईंचा मुलगा’ अशीच झाली असेल, असे मला उगाच वाटून जाते.

असो. मूळ धागा आनंदवनाचा. बाबा आमट्यांनी त्या विदेशी शिबिरातून एक गोष्ट उचलली आणि ती पुरती आपली करून टाकली. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथ येथे १९६७ च्या सुमारास सरकारकडून जंगलजमीन मिळाली. कुष्ठमुक्तांनी तेथे भातशेती उभारली. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत महाराष्ट्रभरच्या तरुणांना बाबांनी हाक दिली : या, आणि आमच्याबरोबर राबा. हीच ‘श्रमसंस्कार छावणी’. मे महिन्याच्या मध्यावर, चंद्रपूरचा पारा जेव्हा माणसाची परीक्षा पाहत असतो, तेव्हा ती भरत आली आहे. भल्या पहाटे उठून बांधबंदिस्ती, तळ्यातील गाळ काढणे, दुपारी चर्चा, रात्री गाणी. १९७३ मध्ये हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा आणि त्यानंतरही त्या अरण्यात टिकून राहणारी काही माणसे याच छावणीतून गेली. एस्नच्या ढिगाऱ्यात जन्मलेली कल्पना आता मराठी बोलू लागली होती. तिला पारपत्र लागत नव्हते. नागपूर, पुणे, कोल्हापूर, लातूर येथून रेल्वेने निघायचे, इतकेच.

बीड जिल्ह्यातील तरुणांपर्यंत ही हाक पोहोचली तिला तेथल्या परिस्थितीचे एक वेगळेच पार्श्वसंगीत होते. बीड हा निजामाच्या राज्यातून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मोकळा झालेला मुलूख. उत्तरेला गोदावरी वाहते, त्या गंगथडीची जमीन काळी व कसदार आहे. परंतु दक्षिणेकडील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज हा बालाघाटचा पट्टा मुरमाड आणि पर्जन्यछायेतील. १९७२ च्या दुष्काळाने या पट्ट्याचे कंबरडे मोडले. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने वाढत होते, त्यांना तोडणी मजूर हवे होते, आणि बालाघाटात हात रिकामे होते. तेव्हापासून दसरा-दिवाळी झाली की येथली काही लाख माणसे घराला कुलूप लावून निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. माणसाला अवजाराचे नाव देणारी ही भाषा कारखान्याच्या हिशेबवहीत रूढ आहे. फडाशेजारी पाचटाची कोपी उभी राहते. मुले बरोबर गेली तर शाळा बुडते, मागे राहिली तर म्हाताऱ्या आजीच्या ओटीत.

म्हणजे बीडचे तरुणही दरवर्षी परमुलखात जात होतेच. त्यांच्या जाण्याला कोणी सेवा म्हटले नाही. पाठीवरची पिशवी दोघांच्याही असते. एकाच्या पिशवीत परतीचे तिकीट असते आणि दुसऱ्याच्या डोक्यावर उचलीचे कर्ज. सेवाशिबिरांचा इतिहास लिहिताना हा दुसरा प्रवासी नजरेआड झाला तर तो इतिहास अर्धाच राहतो.

या जिल्ह्यात बाहेरून माणूस येण्याआधीच आतून माणसे उभी राहिली, हे विशेष. अंबाजोगाईचे डॉ. द्वारकादास लोहिया हे समाजवादी चळवळीत घडलेले कार्यकर्ते. त्यांनी १९८२ मध्ये ‘मानवलोक’ ही संस्था काढली, आणि शैलाताई लोहियांनी १९८४ मध्ये परित्यक्ता व संकटग्रस्त स्त्रियांसाठी ‘मनस्विनी’चे काम उभे केले. बीडच्या हद्दीला लागूनच, तेव्हाच्या अहमदनगर व आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड आहे. तेथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० पासून ग्रामीण आरोग्याचा जो प्रकल्प उभा केला, त्याने या पाहुणचाराची दिशाच उलटी केली. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, युरोप येथील वैद्यकीय विद्यार्थी जामखेडला येतात ते शिकायला, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत खेड्यातील आरोग्यसेविका असतात. त्यांतील कित्येकींनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, कित्येक दलित वस्तीतल्या. बाळंतपण कसे ओळखावे, अतिसाराच्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, आणि नवऱ्याने मारलेल्या बाईला कसे बोलते करावे, हे या बाया परदेशी पदवीधरांना सांगतात. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मा मान या बायांचा आहे असे ते दोघे आनंदाने मान्य करत असत यात मला शंका नाही.

आपल्या घरचे उदाहरणही येथेच दिले पाहिजे. येशूसंघीय फादर हर्मन बाखर हे सेरेझोलच्याच देशातले. १९२४ चा जन्म, १९४८ मध्ये तरुण वयात भारतात आले. नगर जिल्ह्याच्या कोरड्या शिवारांत त्यांनी सोशल सेंटरच्या द्वारे काम केले आणि पाणलोट क्षेत्र विकासाची कार्यपद्धती बसवली. १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्या साथीने ‘वॉटर’ ही संस्था स्थापन झाली आणि जर्मनीच्या साहाय्याचा मोठा कार्यक्रम मराठवाड्यापर्यंत पसरला. त्यांची एक अट होती. गावाने पैसा मागण्यापूर्वी आधी काही दिवस फुकट श्रमदान करून दाखवायचे. प्रत्येक घरातून माणूस आला पाहिजे. सेरेझोल परक्यांना फावडे देत होता. फादर बाखर यांनी ते गावाच्याच हाती ठेवले. ते उन्हाळ्यापुरते आले नव्हते, आयुष्य घेऊन आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात घोगरगावला येऊन मराठवाड्याच्या मातीत मिसळून गेलेले फ्रान्सच्या सव्वा प्रांतातील मिशनरी जसे आले होते, तसेच. फादर बाखर २०२१ मध्ये निवर्तले.

आता त्या माळरानाकडे. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी हे गाव. तेथला दीपक नागरगोजे हा तरुण ऐन विशीत सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेला. आनंदवन पाहिले, बाबांना पाहिले. छावण्यांतून परतलेली बहुतेक मुले आठवड्याभरात पूर्वीसारखी होतात, आणि त्यात वावगे काही नाही. माणसाला घर असते, परीक्षा असतात. या मुलाला मात्र परतल्यावर आपल्याच गावातील एक गोष्ट नव्याने दिसू लागली. ती म्हणजे ऊसतोडीच्या सहा महिन्यांत वाऱ्यावर पडणारी पोरे. त्याने व पत्नी कावेरी यांनी २००० साली आर्वीत ‘शांतिवन’ सुरू केले. ऊसतोड कामगारांची मुले, अनाथ मुले, आणि पुढे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुले तेथे राहून शिकू लागली. सुरुवातीला पत्र्याची शेड, उधारीचा किराणा आणि लोकांचे टोमणे हीच पुंजी होती असे म्हटले तर कोणाही संस्थाचालकाला ते खरे वाटेल. पुढे शाळा झाली, वसतिगृहे झाली, आणि कोयत्याच्या घरातील मुले-मुली महाविद्यालयापर्यंत पोहोचली.

‘शांतिपूर’ आणि ‘शांतिवन’ या नावांतील साम्य योगायोगाचे आहे. धागा मात्र योगायोगाचा नाही. व्हर्दून, लिश्टेनस्टाइन, मुझफ्फरपूर, वरोरा, सोमनाथ, आर्वी : एका ठिकाणचा माणूस दुसऱ्या ठिकाणी काही आठवडे राबला, आणि त्याला पाहून तिसराच कोणी आपल्या गावी कायमचा थांबला. वरोऱ्याच्या दवाखान्यासाठी विटा वाहणाऱ्या त्या पन्नास जणांपैकी कोणी बीडचे नावही ऐकले नसेल.

२०१६ चा उन्हाळाही नोंदवून ठेवण्यासारखा. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. त्याच दिवसांत पाणी फाउंडेशनची पहिली स्पर्धा तीन तालुक्यांत झाली. त्यांत बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई होता. वरुड आणि कोरेगाव हे दुसरे दोन. आधी गावकऱ्यांना प्रशिक्षण, मग पंचेचाळीस दिवस श्रमदान. पुढील वर्षांत स्पर्धा वाढली तसे पुण्या-मुंबईची मुलेही महाराष्ट्र दिनी एका दिवसाच्या श्रमदानाला येऊ लागली. काहींनी या एका दिवसाच्या पाहुण्यांची थट्टा केली. शहरी हातांना फोड येतात, छायाचित्रे भरपूर निघतात, माती थोडी निघते, हे खरेच आहे. पण टिकावाचा घाव कुठे घालायचा हे त्या दिवशी शहराला गावातील बाई सांगत होती, हेही तितकेच खरे.

तर परदेशी सेवेला निघालेल्या आपल्या मुलांना आईबापांनी काय विचारावे? सेरेझोलची पथ्ये शंभर वर्षांनीही कामाला येतात. तुला बोलावले आहे कोणी, की केवळ पाठवणाऱ्या संस्थेने जागा विकली आहे? तू जी भिंत बांधणार आहेस ती तेथला गवंडी अधिक चांगली आणि पोटासाठी बांधणार नाही काय? त्यांची भाषा चार शब्द तरी शिकलास का? अडुसष्टाव्या वर्षी एक अमेरिकन बाई मराठी शिकते, तर विशीतल्या मुलाला सबब नाही. आणि अनाथालयातील लेकरांना सहा आठवडे जीव लावून सातव्या आठवड्यात विमानात बसणार असशील, तर त्या लेकरांच्या बाजूनेही एकदा विचार कर. लहान मुलांच्या संस्थांत असे हंगामी पाहुणे घेऊ नयेत, असे जगभरचे अनेक जाणकार आता सांगतात. विटा वाहायला मात्र कोणाची हरकत नाही. विटांना ताटातूट कळत नाही.

आणि ज्याच्या घरची ऐपत विमानाच्या तिकिटाची नाही त्याने हिरमुसून जायचे कारण नाही. परळी वैजनाथहून रेल्वे धरावी, गाड्या बदलत चंद्रपूर गाठावे, तेथून मूलची एस.टी. मिळते. मेच्या मध्याला सोमनाथच्या शिवारात ऊन टिपेला असते, भाताची खाचरे तडकलेली असतात, आणि पहाटे पाचला फावडी वाटली जातात. फावडे देणाऱ्या हाताला कधीकधी बोटे पूर्ण नसतात.